विनुताक्का, ती गोष्ट मला सुचली नव्हती

मेलवीधी, तंजावर
रविवार, २ मार्च

तीर्थरूप विनुताक्का हिच्या चरणी तंजावराहून सूर्यनारायणाचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांपैकी सातच अंगं पोचली असं धर.)

सांगलीस तू आणि घरातली सगळी खुशाल असाल. भावोजींचा मोतीबिंदू काढल्याचं कळलं. आता त्यांना तू नीट दिसू लागली असशील. त्यावर ते काय म्हणाले ते पत्रात लिहिण्याजोगं असेल तर लिही. इकडे मी बरा आहे. वाणी माझ्याहून बरी आहे. मी पत्र लिहायला बसलो हे पाहून तिनं "खरं तेवढंच लिहा हं" असं सांगितलं आणि ती भाजी आणायला गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या लेखनावर दिलेला हा सर्वांत मोठा अभिप्राय आहे.

तू म्हणशील, फोन आहे, तर ह्याला पत्र कुठून सुचलं? कारण असं की फोनवर तू मध्येच हसतेस. तू हसलीस की मीही हसतो, आणि मग जे सांगायचं ते राहून जातं. हे मला न हसता शेवटपर्यंत सांगायचं आहे. शिवाय ह्या प्रकरणात तुझाही थोडा दोष आहे, आणि तो लेखी असलेला बरा. माझं शुद्धलेखन तू नेहमीप्रमाणे लाल पेनानं तपासशीलच. पण निदान या खेपेला तपासलेलं पत्र परत पाठवू नकोस.

सुरुवात तुझ्यापासूनच होते. आठवतं ना, मामांची बँकेतली बदली सांगलीला झाली, आणि मग तुम्ही दर मे महिन्यात तंजावरला यायचात. मी दहा वर्षांचा, तू चौदाची. माझी शाळा तमिळ, त्यामुळे घरात बोलायचो मराठी पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. (आजही आमच्या पोरांची तीच गत आहे. ऐकतात मराठी, उत्तर देतात तमिळमध्ये.) आणि तू येताना पिशवी भरून पुस्तकं आणायचीस: कव्हर फाटलेली, वाचनालयाचे शिक्के मारलेली, पहिल्या पानावर कवटी नाहीतर विहीर. दुपारी सगळी मोठी माणसं जेवून आडवी झाली की आपण गच्चीच्या जिन्यात बसायचो आणि तू वाचायचीस. लोक म्हणतात भुताच्या गोष्टी रात्री ऐकाव्यात. साफ खोटं आहे. तंजावरातली मे महिन्यातली अडीचची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खालच्या खोलीत अप्पा घोरताहेत आणि तू हलक्या आवाजात सांगते आहेस की त्या बाईचे पाय उलटे होते. मी जिन्याच्या गरम पायरीवर बसून गारठलेलो असायचो. आणि तू नेमक्या जागी थांबायचीस. बोट पानात घालून पुस्तक मिटायचीस आणि म्हणायचीस, "आधी खालून मुरुक्कू आण." मी किती डबे मुरुक्कू चोरले असतील, त्याचा आळ माझ्या आईनं मरेपर्यंत मांजरावर घेतला.

तिसऱ्या वर्षी तू कहर केलास. तुमची गाडी संध्याकाळची होती आणि गोष्ट अशा जागी आली होती की बंद खोलीच्या दाराची कडी आतून हलते आहे. मी तुझे पाय धरले. तू पुस्तक माझ्या हातात कोंबलंस आणि "आता स्वतःच वाच की रे" असं म्हणून रिक्षात बसलीस. माझ्या हातात एकोणीस पानं उरली होती, आणि त्यातलं एक अक्षरही मला कळत नव्हतं.

मी अप्पांकडे गेलो. घरात देवनागरी येणारे ते एकटे, तेही रोज सकाळी पोथीतून स्तोत्र म्हणायचे तेवढ्यापुरतं. मी म्हणालो, मला स्तोत्र वाचायला शिकवा. अक्का, त्या माणसाचे डोळे भरून आले. त्यांनी देवळात सगळ्यांना सांगितलं की आपल्या पोराला आपणहून ओढ लागली आहे. पुढच्या रामनवमीला वीसेक माणसांसमोर मला पोथी वाचायला बसवलं. नृसिंहाचं वर्णन आलं, त्यात दाढा, रक्त, आतडी, आणि मी ते अशा काही रंगात येऊन वाचलं की पुढे बसलेली एक आजी उठून मागे जाऊन बसली. अप्पांना वाटलं भक्ती. त्यांचा तो गैरसमज मी कधीच दूर केला नाही. हे ह्या पत्रातलं पहिलं पाप. तसं लहानच आहे, पुढे मोठी येतील.

ती एकोणीस पानं वाचायला मला सात महिने लागले. भुतानं दार उघडायला सात महिने घेतले असा प्रसंग दुसऱ्या कुणा वाचकावर आला असेल असं वाटत नाही. तुम्ही लोक झरझर वाचून घाबरून मोकळे होता. मी एकेक अक्षर लावत होतो. आधी 'हा' दिसला. मग 'त'. दाराच्या फटीतून हात आला! दोन दिवस जेवण गेलं नाही. मग 'त'चा काना-मात्रा कळला, पुढचं अक्षर लागलं ते 'डा', आणि समजलं की तो 'हातोडा' आहे, आणि ती अडगळीची खोली आहे. पण मधले दोन दिवस तो हात होता ना! तो मी माझ्या मनानं आणला होता, आणि छापलेल्यापेक्षा तो कितीतरी भयंकर होता. तिथं मला पहिल्यांदा कळलं की हे काम आपल्यालाही जमतं. आणि पोंगलच्या सुमारास शेवटाशी पोचलो तर शेवटचं पान फाटून गेलेलं. आता सांग, मी काय करायला हवं होतं? मी वही घेतली आणि शेवट लिहिला.

पुढच्या मे महिन्यात तुला तो दाखवला. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'खोलीत एक मोठं पेय उभं होतं.' तमिळमध्ये भुताला पेय म्हणतात, मराठीतही तेच असेल असं मला वाटलं. तू जिन्यावर लोळून हसलीस. मामीला बोलावून वाचून दाखवलंस, आणि मामीनं गंभीरपणे विचारलं की ताकाचं का पन्ह्याचं. मी वही घेऊन पळालो. पण संध्याकाळी तू तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, माझ्या शेजारी येऊन बसलीस, इकडेतिकडे पाहिलंस आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंस, "मग पुढं?" अक्का, तुझा दोष म्हणतो तो एवढाच, त्या दोन शब्दांचा. त्यांच्या जोरावर मी पन्नास वर्षं लिहितो आहे.

त्या पन्नास वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. महाराष्ट्रातल्या मासिकांना कथा पाठवल्या, त्या परत आल्या. एका संपादकांनी फार सौजन्यानं विचारलं की आपण एखाद्या जुन्या हस्तलिखिताची नक्कल करून पाठवत आहात का, कारण भाषा दोनशे वर्षांपूर्वीची वाटते. (आमच्या घरात आजही 'मज' आणि 'तुज' म्हणतात त्याला मी काय करू?) मग नोकरीतच हौस भागवली. पाटबंधारे खात्यात वर्क इन्स्पेक्टर होतो, मोपेडवरून कालव्याच्या काठानं हिंडायचं आणि अहवाल लिहायचे. पाणी सोडायच्या एका शटरबद्दल मी लिहिलं की ते उघडताना दूर शेतात कुणी कण्हल्यासारखा आवाज येतो आणि मजूर तिथं एकटे जायला धजत नाहीत. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: तेल घाला.

निवृत्त झालो आणि व्हॉट्सॲप आलं. आपल्या तंजावरच्या मराठी माणसांचा एक ग्रुप आहे, दोन-अडीचशे लोक. गणेशकुमार नावाचा एक उत्साही गृहस्थ तो चालवतो. देवनागरी कुणाला वाचता येत नाही, मराठी लिहितात तेही तमिळ अक्षरांत. म्हणून मी ठरवलं, गोष्ट बोलून पाठवायची. आवाजातून. मागच्या ऑगस्टात एक गोष्ट सुचली. सुचली असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

गोष्ट अशी: कावेरीकाठी निळ्या दाराचं एक घर. तिथं एक म्हातारी मुलांना गाणं शिकवते. पांढरे केस कमरेच्या खाली, डावा खांदा उतरलेला, दोन सुरांच्या मध्ये नाकानं हळूच हुंगल्यासारखा आवाज. चुकलेल्या मुलांना ती काही करत नाही. हातावर खडीसाखरेचा खडा ठेवते आणि घरी पाठवते. पण ज्या मुलाचा सूर अगदी बरोबर लागतो, ते मूल त्या दिवशी घरी परत जात नाही. बस. अकरा मिनिटांची गोष्ट. शेवटी एक मुलगी गाते आहे, सूर चढत चढत जागेवर येतो आहे, बाहेर तिचा बाप सायकल घेऊन उभा आहे, आणि आवाज एकदम थांबतो.

चांगली होती, अक्का. आता सांगून उपयोग नाही, पण चांगली होती. अर्ध्या तासात ग्रुपवर शंभर अंगठे. कुंभकोणमहून कुणी निवृत्त पोस्टमास्तर रडल्याचं कळलं. मी दिवसभर फोन चार्जिंगला लावूनच हिंडत होतो. चार दिवसांत कुणीतरी तिचं तमिळ केलं, मागे कोल्हेकुई घातली, आणि ती पापनाशम, तिरुवैयारू, आजूबाजूची गावं अशी फिरत राहिली. आठवड्याभरात तिरुवैयारूहून कनकलता नावाच्या बाईंचा फोन आला, आपल्याच लोकांपैकी. तिनं विचारलं, "अण्णा, गोष्ट खरी का? माझी नित्या पाट्टु क्लासला जायला घाबरते." पाट्टु म्हणजे गाणं. मी कोणता क्लास म्हणून विचारलं नाही. मला गुदगुल्या होत होत्या. मी आवाज खोल करून म्हणालो, "गोष्ट ती गोष्ट, अम्मा. पण ह्या नदीकाठी काय काय घडतं ते कुणी सांगावं!" हे दुसरं पाप. फोन ठेवल्यावर मी वाणीला म्हणालो सुद्धा की बघ, वाचकांचे फोन येतात.

ऑक्टोबरात माझा कान दुखायला लागला म्हणून इथल्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बाकावर कामाक्षीबाई बसल्या होत्या. तुला त्या माहीत नाहीत. तिरुवैयारूच्या पाट्टु टीचर, आपल्यातल्याच, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, लग्न केलं नाही, एकट्या राहतात. माझा कालवा त्यांच्या घरामागून जातो. एकोणीस वर्षं मी त्या वाटेनं मोपेडवरून गेलो आणि ऊन असलं की त्या हाक मारून पितळी लोट्यातून ताक द्यायच्या. आत मुलं सारेगम घोटत असायची आणि मी दारात उभा राहून ताक प्यायचो.

मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "मज सूर कळेना झाला, सूर्या." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चौदा मुलं आहेत. दोन महिने झाले, चौदाही बेसूर गातात. एकदम सगळी कशी बिघडतील? ती नित्या, गेल्या वर्षी तिचा गांधार असा लागायचा की मी तंबोरा थांबवून ऐकायचे. तीही खाली उतरून गाते. म्हणजे मुलं चुकत नसतील. माझाच कान गेला असेल." मग त्यांना आत बोलावलं. बाहेर आल्या तेव्हा हातात कागद होता. डॉक्टर म्हणाले होते की कान उत्तम आहेत, ह्या वयात इतके चांगले कान त्यांनी पाहिले नाहीत. त्यामुळे त्या जास्तच घाबरल्या होत्या. कान चांगले म्हणजे बिघाड डोक्यात, असा त्यांनी अर्थ काढला. माझ्याशेजारी बसल्या, नाकानं हळूच तो आवाज केला, पिशवीत हात घातला आणि सवयीनं माझ्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवला.

अक्का, मी त्या खड्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, जन्मभर तंबोरा धरून उतरलेल्या. मग केसांकडे. त्यांच्या दाराचा रंग कोणता ते मला कुणी सांगायला नको होतं. चौदा मुलं जीव वाचवायला मुद्दाम बेसूर गात होती. आणि गोष्ट मला सुचली नव्हती, मी ताक पिता पिता ती एकोणीस वर्षं पाहिली होती, आणि फक्त ओळखली नव्हती.

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "वय झालं की होतं असं, बाई." आणि माझा नंबर आला म्हणून आत गेलो. डॉक्टरनं माझ्या कानातून मळ काढला आणि विचारलं, आता बरं ऐकू येतं का? बाहेर त्या कुणाला तरी थेट बस किती वाजता आहे ते विचारत होत्या. ते मला फार स्पष्ट ऐकू आलं.

घरी येऊन वाणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "'बाई, तुमचा कान ठीक आहे' एवढंच त्यांना सांगायचं होतं हो." आता तू म्हणशील, मग दुसऱ्या दिवशी गेलास ना? नाही. मी लेखक ना! मी म्हटलं, गोष्टीनं बिघडलंय, गोष्टच सुधारेल. दुसरा भाग केला. त्यात असं की ती म्हातारी वाईट नाहीच. ती मुलं नाहीशी होत नाहीत, ती कावेरीच्या तळाशी एका सुंदर सभागृहात जाऊन कायमची गात बसतात आणि फार सुखात असतात. मला वाटलं, ह्यानं आयांचं समाधान होईल. बऱ्याच आयांनी त्याच दिवशी मुलं काढून घेतली. दिवाळीपर्यंत चौदाची तीन झाली होती. कार्तिकात तीही येईनाशी झाली.

मग गेलो, पण फार उशिरा. डिसेंबरातला एक मंगळवार. क्लासच्या वेळेला मुद्दाम पोचलो, दुपारी साडेचार. दार उघडं होतं, उंबऱ्याबाहेर एकही चप्पल नव्हती. त्या आत तंबोरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तारा नीट लावून तयार. वेळ झाली की बसायची त्यांची सवय असावी. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं: गोष्ट, फोन, दुसरा भाग. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर म्हणाल्या, "ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात श्रीहर्षानं पाठवली." श्रीहर्ष हा त्यांचा भाचा, रेल्वेत आहे. त्यानं ती ऐकून 'आत्या, हे तर तुझं घर' असं लिहून पाठवलं होतं.

"बैस," म्हणाल्या. बसलो.

"गोष्ट बरी आहे रे. तू नाकात बोलतोस, ते जरा कमी कर." मग त्यांनी तंबोऱ्यावर हात ठेवला. "आणि तुझ्या त्या म्हातारीकडं मुलं फार लवकर सुरात येतात. माझ्याकडं पंचेचाळीस वर्षांत सहाच आली. त्यांतलं एकही परत आलं नाही, तेवढं तू खरं लिहिलंस. एक अमेरिकेत आहे."

त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टरकडं भेटलो त्या दिवशी तुज कळलं होतं?"

मी हो म्हणालो. निदान तेवढं खोटं बोललो नाही.

"मग तेव्हा सांगायचं होतंस. माझा सूर गेला म्हणून तेव्हापासून मी गायले नाही."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी हे पत्र तुला लिहिलं नसतं, फोनवर सांगून हसलो असतो. उठून त्यांनी तंबोरा भिंतीशी उभा केला आणि गवसणी चढवली. मी आणखी थोडा वेळ बसलो. ताक काही आलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं, पण मागायचं कसं?

मी मुलं परत आणायचा प्रयत्न केला हेही नोंदवून ठेव. कनकलताच्या घरी गेलो. नित्याला समोर बसवलं. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आईच्या पदराआडून माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मीच निळ्या दारातून आलो आहे. मी सांगितलं की ती गोष्ट मी रचली, सगळं खोटं आहे, टीचर फार चांगल्या आहेत. ती विचार करून म्हणाली, "मग त्या खडीसाखर का देतात?" मी म्हणालो, प्रेमानं. ती म्हणाली, "गोष्टीतली पण प्रेमानंच देते." पन्नास वर्षं ज्या वाचकाची वाट पाहिली तो हा असा भेटला. कनकलता दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली की आता तिला वीणेच्या क्लासला घातलंय, तिथं सर आहेत, चष्मेवाले, टकले. टकल्या माणसाच्या भुताची गोष्ट मी अजून लिहिलेली नाही, हे तिनं हेरलं असावं.

पोंगलनंतर श्रीहर्ष आला. म्हणाला, आत्या एकटी आहे, शिकवणंही थांबलंय, इथं ठेवण्यात आता काय अर्थ? तो मिरजेला असतो. घर कुलूप लावून ठेवलं. मी तंजावरच्या स्टेशनवर पोचवायला गेलो होतो, सकाळची वेळ, त्यांचं सामान दोन पेट्या आणि तो तंबोरा. तंबोऱ्याला त्यांनी खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः मध्ये बसल्या. मी खिडकीतून पुन्हा माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "पुरे रे. मिरजेत तुझी गोष्ट कुणाला कळायची नाही. तुझं मराठी तिथं कुणाला कळतंय?" गाडी हलली. मी हात केला. त्यांनी केला नाही, पण त्या दोन्ही हातांनी तंबोरा सावरत होत्या, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. असं म्हणतो. घेतलं.

तेव्हा अक्का, सांगायचं ते एवढंच की मी लिहिणं सोडलं. ग्रुपवरून दोन्ही भाग काढून टाकले. (काढून उपयोग नाही म्हणतात, लोकांच्या फोनांत ते राहतंच.) परवा बसमध्ये मागच्या बाकावर दोन बायका एकमेकींना ती सांगत होत्या आणि त्यांनी शेवट माझ्याहून बरा केला होता. माझा स्टॉप यायच्या आधीच मी उतरलो आणि चालत घरी आलो. भुताला मी कधी भ्यायलो नाही असं आता वाटतं. त्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसून मी 'वय झालं की होतं' म्हणालो, तेवढं आठवलं की मात्र रात्री उठून दिवा लावतो.

भावोजींना नमस्कार. वाणी तुला विचारते आहे. तिला पत्र वाचून दाखवलं, तिनं 'खरं आहे' एवढं म्हटलंय.

तुझा अपराधी धाकटा भाऊ
सूर्या

ता. क. पाकिटात मागे बारा पानं निघतील. ती चुकून आली आहेत, वाचू नकोस. त्यात ओळखीचं माणूस एकही नाही, ह्याची मी दोनदा खात्री केली आहे. वाचलीसच तर शेवट जमला का ते कळव.

आणखी ता. क. खरं काम राहिलं. तुमच्या घरापासून मिरज लांब नाही, सारख्या बस असतात असं मी चौकशी करून घेतलं आहे. श्रीहर्षाचा पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. कामाक्षीबाईंना तिकडे अजून एकही शिकणारं मिळालेलं नाही. तिथल्या लोकांचं गाणं वेगळं, ह्यांचं वेगळं, आणि ह्यांचं मराठी ऐकून शेजारच्या बायका तोंडाला पदर लावतात म्हणे. तुझी धाकटी नात आठ वर्षांची ना? तिला पाठव. मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते साडेपाच. ती गाते की नाही मला ठाऊक नाही. नसेल गात तरी पाठव.

शेवटचं. तुझ्या होकाराची वाट पाहायला हवी होती हे कळतं, पण मी बाईंना कळवून टाकलंय की अकरा तारखेच्या मंगळवारी मुलगी येते आहे आणि तिला शिकायची फार हौस आहे. काल श्रीहर्षाचा फोन होता. म्हणाला, आत्यानं बाजारात जाऊन एक छोटी चटई आणली आहे.